माशीचं गाणं आणि हाकोबकाकांचे कान

फ्रेस्नो, ४ मार्च १९७४

चि. अराक्सीस हाकोबकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या माश्यांचं गाणं ऐकायला मी करून दिलेल्या डबीला काय लागलं, विचारतेस. कुणीतरी टाकून दिलेलं एक कर्णयंत्र, तीन रविवार आणि काकूच्या गाळणीची जाळी. काकू अजून चहा गाळताना माझ्याकडे बघते.

तू पाठवलेल्या चौथ्या टेपवर गाणं अडखळतं, म्हणजे डबीच बिघडली, सगळ्या टेपा फेक, असं तुझे सर म्हणाले. टेपा गेल्या तर डॉक्टरेटही गेली. मुळीच फेकू नकोस! तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय. बिघाड यंत्रात की गाणाऱ्यात, हे या कानांना कुणी शिकवू नये. पहिल्या तिन्ही टेपांत नर पंख थरथरवून मादीला एका ठेक्यात आळवतोय. चौथा मात्र टाका सोडणाऱ्या शिलाई मशीनसारखा. डबी तीच, तार तीच. मग त्या नवरदेवालाच तपास की!

सोबत काकूनं वाळवलेले जर्दाळू आहेत. माश्यांना घालू नकोस.

तुझा काका,
हाकोब

पॅसाडेना, १९ मार्च १९७४

ती. हाकोबकाकांस अराक्सीचा सा. न. वि. वि.

काका, चूक माझीच. आमच्या या प्रयोगातली प्रत्येक माशी एकाच अंगात थोडी नर, थोडी मादी अशी जन्मते. मी नुसतं डोकं पाहून चिठ्ठीवर 'नर' लिहून मोकळी झाले. काल भिंगाखाली पुन्हा पाहिलं, तर डोकं नराचं, छाती मादीची! डोक्यानं सांगितलं, म्हणून तो मादीच्या मागे धावला, पंखही उचलला; पण ठेका छातीत असतो, तो आणणार कुठून? मादी पाठ फिरवून गेली. अशा आणखी पाच तपासल्या, पाचही बेताल. सर म्हणाले, प्रबंध याच्यावरच लिही, आणि त्या रेडिओवाल्याला माझा सलाम कळव.

तुमच्या कानांचे उपकार कसे फेडू? प्रबंधात पहिले आभार त्यांचेच.

लोभ आहेच, तो वाढवा.

तुमची,
अराक्सी

फ्रेस्नो, २६ मार्च १९७४

चि. अराक्सीस आशीर्वाद.

पत्र काकूनं दोनदा मोठ्यानं वाचलं, दुसऱ्यांदा ओरडून. आनंद झाला, पोरी. आभारांचं पान छापायच्या आत एक दुरुस्ती कर. तिथं काकूचं नाव घाल, सिरानुश. चारही टेपा तिनंच ऐकल्या. डबीत घातलेलं ते कर्णयंत्र माझंच होतं.

हाकोब