शत्रूचं इंजिन

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, फरीदाबादच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, सगळ्यांदेखत माझा विश्वासघात झाला.

आमच्या गाडीचं, म्हणजे अर्थात नवऱ्याच्या, अरविंदच्या, कंपनीच्याच गाडीचं बॉनेट उघडलं होतं. मेकॅनिकने इंजिन पुसलं आणि त्यावर नाव निघालं शत्रूचं! म्हणजे त्या कंपनीचं, जिच्याशी अरविंदची कंपनी जन्मभर लढली, आणि जिची गाडी आमच्या नवरोजींनी फाटकाच्या आत कधी येऊ दिली नाही. आमचा जावई, बिचारा समीर, नेमकी तीच चालवतो. दर रविवारी ती गल्लीच्या टोकाला उभी करतो आणि लेकराला कडेवर घेऊन उन्हातून चालत येतो.

"अरविंद, हे काय आहे?"

"अगं, इंजिन त्यांच्याकडूनच घेतो आम्ही. पहिल्यापासून. सगळेच घेतात."

"आणि समीर?"

"इंजिन चांगलंच आहे गं त्यांचं. गाडी भिकार!"

मेकॅनिक म्हणाला, "बिल्कुल सही, साहब." मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. निवृत्त होऊनही हा माणूस शर्टाला कंपनीचा बिल्ला लावून भाजी आणायला जातो. या वेड्या निष्ठेवरच तर भाळले होते ना मी? पण मग फाटक बंद ते फक्त जावयाला?

अरविंद, तू ही वही चोरून वाचतोस, मला ठाऊक आहे. समीरची गाडी या रविवारी आत येणार की नाही, ते इथेच खाली लिही. शनिवारी सकाळच्या चहाच्या आत, सहीसकट. नाहीतर रविवारी तुझी गाडी गल्लीत.