सवतीचा टाक

अमरावती,
८ एप्रिल २०२५

ती. सौ. संध्याताईस,
रागिणीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

गाठोडे पोचले. लोक चांदी डबीत घालून पाठवतात, तू जुन्या धडप्यात बांधून वर तीन गाठी मारल्यास! सोडवताना नख तुटले माझे.

जुनी चांदी आली की तुकडा न् तुकडा कागदावर उतरवून गिऱ्हाइकाला कळवायचे आणि त्याचा होकार आल्यावरच मूस तापवायची, हा माझा नियम. तुझ्यासाठी तो मोडला. अपेक्षाचे लग्न ९ मेवर आलेले, आणि सख्ख्या बहिणीला काय विचारायचे? तरी सवयीने यादी देते. तुटकी जोडवी पाच, मासोळ्यांचा जोड एक, तुझ्या शुभमचे बाळपणीचे वाळे, चेपलेली अत्तरदाणी, आणि नखाएवढी एक गुळगुळीत पत्री, वर कडी असलेली. ती कशाची, ते काही कळले नाही. सगळे काल वितळवले, आज तारही ओढून झाली.

अपेक्षाच्या हारासाठी पूर्णा नदीच्या पात्रातून वेचलेले अकीक मी घासून ठेवलेत. एकात दुधावरच्या सायीसारखी रेघ आहे, तो मधोमध बसवीन. तुझ्या मोठ्या दिरांना, जानरावभाऊजींना सांग, लेकीच्या गळ्यात नदीतले गोटे घालते म्हणून रुसू नका. तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू काढला ना? आता दिसते का नीट?

नखाचे मनावर घेऊ नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
रागिणी


बार्शीटाकळी,
११ एप्रिल २०२५

चि. रागिणीस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचा असा सासूबाईंचा दंडक आहे. हे पत्र वाचून फाडून टाक.

ती पत्री म्हणजे सासूबाईंच्या गळ्यातला टाक होता गं. सवतीचा टाक. मामंजींची पहिली बायको मनकर्णा बाळंतपणात गेली, तेव्हा जानरावभाऊजी दोन वर्षांचे. मग केशरबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, दुसरेपणावर आल्या. दुसरीने पहिलीची चांदीची मूर्ती गळ्यात घालायची, तिला आधी घास दाखवून मग आपण जेवायचे, हे त्यांनी साठ वर्षे पाळले. अकोल्याला डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी नर्सने दोरा काढायला लावला. तो मी पर्समध्ये टाकला, दोरा तुटला, आणि मोडीचे गाठोडे बांधताना टाक त्यात गेला. माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

मनकर्णाबाईंचा फोटो नाही. भाऊजींना आई म्हणून ठाऊक आहे ती एवढीच. दर अक्षय तृतीयेला ते टाक पाटावर ठेवून कुंकू लावतात. आखाजी तीस तारखेला आहे. सासूबाई रोज गळा चाचपतात आणि विचारतात, माहा टाक कुठी ठेवला वं, म्हणून. मी सांगते, दोरा गाठवायला दिलाय. सावत्रपणाचा शब्द आपल्यावर येऊ नये म्हणून त्या बाईने जन्मभर भाऊजींना आधी वाढले, पोटच्या पोराला मागून. आता टाक हरवला असे कळले तर दोष त्यांच्याच पदरात पडेल.

तू तसाच दुसरा टाक करून दे. जुना दिसेल असा. मला भीती वाटते आहे, रागिणी. नाही म्हणू नकोस.

तुझी,
संध्याताई


अमरावती,
१९ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र पोचले. नियम पाळला असता तर तुझे उत्तर येईपर्यंत टाक माझ्या खणात सुखरूप राहिला असता. चूक तुझी एकटीची नाही.

आता तो परत निघत नाही. त्याची तार झाली, तारेची कोंदणे झाली. सराफ्यातल्या भगवंतकाकांकडून स्त्रीमूर्तीचा ठसा आणला, त्यावर पत्रा ठोकून टाक उठवला. नाक-डोळे घासून बोथट केले, गंधकाच्या पाण्यात काळवंडवला. हातात घेतला तर कोणीही फसेल. पण साठ वर्षे त्याच्यावरून अंगठा फिरवणाऱ्या बाईला फसवायचे आहे, आणि तेच मला पटत नाही. जुन्या चांदीचे नवे करणे हा माझा धंदा. नव्याचे खोटे जुने मी पहिल्यांदाच केले.

सोबत टाक आणि अपेक्षाचा हारही पाठवते. माझे ऐकशील तर भाऊजींना खरे सांग. नाही ऐकलेस तरी मी तुझीच आहे.

रागिणी


बार्शीटाकळी,
३ मे २०२५

चि. रागिणीस,
अनेक आशीर्वाद.

मी नाही ऐकले. आखाजीच्या सकाळी तुझा टाक नव्या दोऱ्यात ओवून सासूबाईंच्या हातात दिला. नव्या डोळ्यांनी त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. अंगठा फिरवला आणि थांबल्या. हारासाठी मोड तुझ्याकडे गेली हे त्यांना ठाऊक होतेच; माझ्याकडे एकदा बघितले. तेवढ्यात भाऊजी कुंकवाची वाटी घेऊन आले, आणि सासूबाई त्यांना म्हणाल्या, की तुह्या मायचा टाक म्या स्वतःच पोरीच्या हारात टाकाले देल्ला, हा नवा हाये.

भाऊजींनी वाटी खाली ठेवली. एरवी त्यांचा आवाज चढत नाही. म्हणाले, सावत्र ते सावत्रच शेवटी. आणि भरल्या ताटावरून उठून गेले. दोन दिवस सासूबाईंच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. मी विचारले, माझ्यासाठी कशाला? तर मलाच गप्प केले, लग्नघर हाये म्हणून.

काल दुपारी मला सहन झाले नाही. ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितले: गाठोडे मी बांधले, टाक मी घालवला, खोटा मी करवून आणला. अपेक्षा रडू लागली. भाऊजी माझ्याकडे न बघता उठले, स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, चुकलो. बासष्ट वर्षांचा माणूस, मान खाली घालून.

सासूबाईंनी ताट वाढले. पहिला घास बाजूला काढून ठेवला, कोणाला दाखवायचा ते न कळून हात तसाच राहिला. मग म्हणाल्या, हा शब्द तुह्या तोंडून कधी निघते म्हून साठ वर्षं भेत होती मी. निघाला एकदाचा. आता भेव नाही. जेव.

भाऊजी जेवले. माझ्याशी अजून बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तू मात्र लग्नाला ये, दोन दिवस आधी. मला माहेरचे माणूस जवळ हवे आहे.

तुझी,
संध्याताई