शकूचा डबा

दहिवली, ता. कर्जत
२० नोव्हेंबर १९७४

चि. सौ. शकू हिला आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग.

आज रजा घेतली. सकाळी खळ्यावर मळणी पाहून आलो. दुपारी नानकटाई केली.

तुझी आई जाऊन दोन महिने झाले. यंदा दिवाळीला घरात तळण केलं नाही. काल शेजारची बायजाकाकू म्हणाली, "भावजी, कढई चढवायची नाय हे खरं. पन नानकटाईला कढई लागते कुठं? आनंदीची परात काय धूळ खायला ठेवलीय?" म्हणून बसलो.

तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची. पाण्यात टाकलेला थेंब तरंगला, की झालं. माझा तीनदा बुडाला. तासाभरात मनगट भरून आलं. तुझी आई मनगटाला फडकं बांधून फेसायची आणि मी ओटीवर पेपर वाचत असायचो.

शकू, दहाव्याला तू आलीस तेव्हा म्हणालीस, "पाच वर्षांत आईने मला एक शब्द धाडला नाही." मी तांब्या घेऊन आत गेलो. उत्तर माझ्याकडे होतं.

ती दर दिवाळीला तुझ्यासाठी डबा भरायची. वर कापड शिवायची. "पत्ता हाय ना तुमच्याकडं? पोस्टात टाका." मी हो म्हणायचो, डबा सायकलला लावून कचेरीत न्यायचो आणि टाके उसवून सगळ्यांत वाटायचो. तू आपल्या मनाने लग्न केलंस, तेव्हा या घरात पत्र टाकू नकोस असं मीच तुला बजावलं होतं. माझा शब्द मला मोडायचा नव्हता.

आठ दिवसांनी ती विचारायची, "कचेरीत पत्र आलं का? शकू काय म्हनते?" तिला वाचता येत नव्हतं. कचेरीतले जे बोलत, ते मी तुझ्या नावावर सांगायचो. एकदा आमचे हेडक्लार्क म्हणाले, वेलदोडा जास्त झाला. तेही सांगितलं. ती हसली. "लहानपनी तर वास घेत बसायची. आता मोठी झाली." पुढच्या वर्षीपासून तिने वेलदोडा कमी केला.

तुला वेलदोडा आवडतो, हे मलाही ठाऊक होतं.

अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "यंदा डबा राहील. शकूला लिवा, रागावू नको म्हनावं." तेही मी लिहिलं नाही. आज लिहितो आहे. रागावू नको हे तिचं म्हणणं आहे, माझं नाही. मला तसं म्हणता येत नाही.

नानकटाया खालून करपल्या आहेत. त्यातल्या बऱ्या निवडून ठेवल्या आहेत. तू हो म्हणालीस तर मी स्वतः घेऊन येईन. नाही म्हणालीस तरी दोन ओळी टाक. घरच्याच पत्त्यावर टाक.

अंधारून आलं. कोंबड्या अजून अंगणात आहेत. त्या डालतो आणि दार लावून घेतो.

तू म्हणशील तर तुझा,
बाबा