पुंजाराम आला तेव्हा

ता. ६ फेब्रुवारी १८६५, सोमवार. अमरावती

फिंक साहेबाला आज पुन्हा तेच समजावलं. ‘काल’ म्हटलं की इंग्रजीत ‘हॅव’ येत नाही. ‘काल पाहिला’ म्हणायचं, ‘काल पाहिला आहे’ नाही. त्याने मान डोलावली आणि लगेच म्हणाला – ‘आय हॅव हिम यस्टरडे सीन.’ भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं!

हा फिंक जर्मन. ब्रेमेनहून आलेला, कापूस खरेदीच्या एका कंपनीचा कारकून. कंपनी इंग्रजांची, सगळा कारभार इंग्रजीत, म्हणून हेडमास्तरांनी हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर आमच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि तोवर असले साहेब येतच राहणार. वर्षभर अकोल्याच्या वखारीत गाडीवानांत राहून वऱ्हाडी मात्र फर्डी शिकलाय. मी पुण्याचा मास्तर, घसा कोरडा करून नियम सांगतो – आणि हा मला विचारतो, ‘काहून?’

काहून! इंग्रजांना विचार.

ता. ९, गुरुवार

आज ‘खाल्लं’ आणि ‘खात होतो’. फिंकच्या भाषेत हा भेदच नाही म्हणे, दोन्हीला एकच रूप. असेल. पण इंग्रजीत आहे ना! तासभर डोकेफोड केली. शेवटी सत्यभामेचं बोलणं आठवलं. तिचं माहेर अकोल्याचं. तिच्या ‘करून राहिले होते’ला मी लग्नापासून हसत आलो. फिंकला म्हटलं, ‘तुम्ही जेवून राहिले होते – तेच हे वॉज ईटिंग.’ त्याचे डोळे एकदम उघडले. मग वॉज ईटिंग, वॉज वॉकिंग, वॉज स्लीपिंग – एक वाक्य चुकेल तर शपथ. बऱ्याच दिवसांनी शांत डोक्याने जेवलो.

ता. १४, मंगळवार

काल दुपारी फिंकच्या कंपनीच्या गावाबाहेरच्या वखारीला आग लागली. इथून धूर दिसत होता. अर्ध्या गाठी गेल्या. चौकीदार पुंजारामला धरून नेलंय. धुरातून बाहेर पडताना मुकादमाने त्याला पाहिलं, आणि त्याच मुकादमाशी त्याचं परवा कडाक्याचं भांडण झालेलं. पुंजारामचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. तो म्हणतो, गाठी ओढायला आत गेलो होतो. कोणी ऐकत नाही.

शिकवणी नाही.

ता. १७, शुक्रवार

पुंजारामचे वकील भगवंतराव घरी आले. आग लागली तेव्हा फिंक वखारीतच होता, त्याची जबानी झाली. साहेब लोकांची जबानी इंग्रजीतच घेतात. काय म्हणाला? ‘व्हेन पुंजाराम केम, द कॉटन बर्न्ड.’ कमिशनर साहेबाने सरळ अर्थ घेतला – पुंजाराम आला, आणि कापूस पेटला. काळ्या पाण्याची भाषा चालू आहे.

गाढव! ‘वॉज बर्निंग’ म्हणायला काय झालं होतं? नवव्या तारखेला घोटून घेतलं होतं मी!

भगवंतराव म्हणाले, सत्तावीसला पुन्हा साक्ष आहे. ‘मास्तर, तुमच्या शिष्याच्या तोंडात तो एक वॉज बसवा. माणूस वाचेल.’

ता. २०, सोमवार

जेवणाचं वाक्य बरोबर. चालण्याचं बरोबर. झोपेचं, पावसाचं, बैलाचं – सगळं बरोबर. कापसापाशी आला की ‘बर्न्ड’! मी मेजावर मूठ आपटली. तो नुसता घाम पुसत बसला.

ता. २२, बुधवार

बर्न्ड.

ता. २४, शुक्रवार

शिकवणी चालू असताना पुंजारामची बायको जमुना ओसरीपाशी येऊन उभी राहिली. मला काही बोलली नाही. फिंककडेच बघत म्हणाली, ‘साहेब, तुमी होते ना तेथी? मंग जसं पायलं तसंच सांगा. माह्या माणसापायी काही वाढवू नका, कमी करू नका.’

फिंकने मान वर केली नाही. मी जमुनेला समजावून परत पाठवलं. आधीच मठ्ठ, त्यात आणखी गोंधळायला नको. मग वाक्य पुन्हा घेतलं. पुन्हा बर्न्ड. ‘एक शब्द, एकच शब्द!’ असं मी ओरडलो, ते शेजाऱ्यांपर्यंत गेलं असेल. तो टोपी घेऊन उठून गेला.

सत्यभामा दाराआडून सगळं ऐकत होती. जेवायला वाढताना म्हणाली, ‘त्याले सारं येते. तो भेते.’

मी म्हटलं, क्रियापदाला कोण भितं? आणि भाकरी अर्धी टाकून उठलो.

ता. २७, सोमवार

कचेरीत गेलो होतो. गर्दी एवढी की भगवंतरावांच्या मागे भिंतीला चिकटून उभा राहिलो. समोर पुंजाराम, हातांना फडकी बांधलेली. फिंकचं नाव पुकारलं. तो पांढराफटक. कमिशनर साहेबाने विचारलं, पुंजाराम आला तेव्हा काय झालं? फिंकने पुंजारामच्या हातांकडे पाहिलं. मी मनात म्हणून राहिलो – वॉज, वॉज, वॉज! (मीही आता ‘म्हणून राहिलो’ लिहायला लागलो.)

आणि तो म्हणाला – ‘द कॉटन वॉज बर्निंग. व्हेन ही केम, इट वॉज ऑलरेडी बर्निंग.’

त्या ‘ऑलरेडी’ला मी जागच्या जागी टाळी वाजवणार होतो. तो तर मी शिकवलाही नव्हता. भगवंतरावांनी मागे वळून माझा हात दाबला.

पण साहेब लोक सुखाने श्वास घेऊ देतील तर ना! कमिशनर साहेबाने लेखणी ठेवली आणि विचारलं, पुंजाराम येण्याआधीच कापूस जळताना तुम्ही पाहिलात, तर मग आरडाओरडा का केला नाहीत? फिंकने पाणी मागितलं. साहेबाने पुन्हा विचारलं. इतक्यात कचेरी उठायची वेळ झाली. उत्तर उद्या.

काय हा फाटे फोडणारा साहेब! इतक्या दिवसांनी माणूस एक वाक्य नीट बोलला, तर त्यावर लगेच दुसरा प्रश्न! आता हा पुन्हा गडबडणार आणि सगळी मेहनत मातीत जाणार.

ता. २८, मंगळवार

पुंजाराम सुटला.

फिंक उभा राहिला आणि एकही चूक न करता बोलला. म्हणाला, गाठींच्या आडोशाला मी चिरूट ओढत होतो. थोटूक तिथेच टाकलं होतं. ज्वाळा दिसली तेव्हा पळालो. पुंजाराम विझवायला धावत आला, तेव्हा मी भिंतीमागून पाहत होतो.

शिपाई त्याला बाहेर नेत होते. माझ्यापाशी आल्यावर थांबला. हळूच म्हणाला, ‘मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा तो वॉज मले पहिल्याच दिवशी समजला होता.’