थोरल्यांसाठी एकच बटण

५ नोव्हेंबर, रविवार

परत तेच! हात कणकेत आणि आतून हाक — "जाझगुल, पेटी पुन्हा मुकी झाली!"

पेटी म्हणजे संगणक. गेले बघायला. फाइल उघडलीय, पण भलत्याच प्रोग्रॅममध्ये. पडदाभर किडे-मुंग्या, आवाजाचा पत्ता नाही. परवाच मी "कायम यानेच उघडा" वर खूण केली होती. मधेच मशीनने स्वतःला अद्ययावत करून घेतलं आणि माझी खूण पुसून टाकली. दर आठवड्याला हेच. ही जुनी रेकॉर्डिंगं फक्त त्या एका जुन्या प्लेअरमध्ये नीट वाजतात. नव्यात लावली तर कोमुझच्या तिन्ही तारांना दमा होतो.

थोरले म्हणजे माझे सासरे. नाव इथेही लिहायचं नाही. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं — वहीत कोण बघतंय, तरी हात अडतो. थोरले बरं. इथल्या नारिन शहराच्या रेडिओत होते. उभा जन्म डोंगराडोंगरांतून फिरून त्यांनी कोमुझ वाजवणारे गोळा केले. आता एकेक फाइल ऐकायची आणि छोट्या रेकॉर्डरवर बोलून ठेवायचं — वाजवतोय कोण, कुठल्या गावचा, धून कुठली. वाजवणारे बहुतेक गेले. ओळखणारे हे एकटे उरलेत. यांनी सांगितलं नाही तर ती सगळी माणसं बिननावाची होतील. एवढं एकच काम उरलंय माझं, म्हणतात.

आणि मी पंचवीस तारखेला मॉस्कोला चाललेय. मेदेरकडे. लग्नाला चार वर्षं झाली, नवऱ्याबरोबर काढला तो जेमतेम एक हिवाळा. शाळेत दिवसभर पोरांना संगणक शिकवायचा, घरी आलं की थोरल्यांचा संगणक, मग शेगडी, मग कणीक. दमले मी. खरंच दमले.

७ नोव्हेंबर, मंगळवार

ठरवलं. एक छोटी स्क्रिप्ट लिहून टाकायची. या फायली याच प्रोग्रॅममध्ये उघड, मला विचारू नकोस, तुझी अक्कल चालवू नकोस! थोरल्यांनी एका चित्रावर दोनदा टिचकी मारायची, बस. म्हणजे मी नसले तरी अडायचं नाही.

घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. संगणक त्यांच्या नावाने आहे. फायलींचा पत्ता लिहायचा तर मध्ये नाव आलंच! दार लोटून घेतलं, ओठ घट्ट मिटले आणि एकेक अक्षर दाबलं. तेवढ्यात अपा, माझ्या सासूबाई, दारात —

"काय लपवतेस गं?"

"काही नाही अपा, तुमच्या मालकांचं नाव लिहितेय."

"तोबा!" आणि हसत सुटल्या. "बोटांनी घेतलंस ना, तोंडाने नाही. चालतंय. आमच्या वेळेला बोटंही बांधून ठेवली असती."

तरी चालेना. नाव आणि आडनावाच्या मध्ये मोकळी जागा आहे, मशीन तिथेच थांबतं, पुढचं वाचतच नाही. म्हणून सगळा पत्ता अवतरणचिन्हांत घातला. तर त्याने पहिलं अवतरण हे खिडकीचं नाव समजून गिळलं आणि एक रिकामी काळी खिडकी उघडून बसलं! मग पुढे आणखी एक रिकामं अवतरण टाकलं — घे, गिळ बाबा. तेव्हा कुठे.

८ नोव्हेंबर, बुधवार

चालली! टिचकी, आणि कोमुझ. पडद्यावर आवाजाबरोबर हिरव्या रेघा नाचतात. "छान दिसतंय," म्हणाले. आज गाढ झोपणार.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

बोट दिलं की हात धरतात. म्हणे ते चित्र सापडत नाही, मोठं कर. केलं. आणखी मोठं कर. अर्धा पडदा भरेल एवढं केलं. तर आता म्हणे एक फाइल संपली की दुसरी आपोआप उघडू दे.

"बाबा, दोन टिचक्या मारायला असे किती कष्ट?"

"हात थरथरतो गं."

संध्याकाळी स्वतः कोमुझ घेऊन बसले होते. तिथे नाही थरथरत तो हात!

केलं तेही. मेदेरचा फोन आला तेव्हा मी नुसती हो-हो करत होते. तो म्हणाला, "रागावलीस?" नाही रे. दमलेय.

१२ नोव्हेंबर, रविवार

शेजारी शेरालीकडे हिवाळ्याच्या मांसासाठी जनावर कापलं, म्हणून जेवण होतं. मेंढीचं मुंडकं मानाने थोरल्यांपुढे आलं. दरवेळी ते सुरीने कान कापून मांडीवरच्या पोराला देतात, आणि पोरं त्यासाठी भांडतात. आज त्यांनी ताट शेरालीकडे सरकवलं. "तू काप. तुझं घर, तुझा मान." सगळे वा वा करायला लागले. शेरालीचे तर डोळेच भरून आले.

मला कसंतरीच वाटलं. मी जाणार म्हणून सगळ्यावर रुसलेत की काय?

परतताना रस्ता नुसता काच झाला होता. थोरले अपांना म्हणाले, "म्हातारे, मला धरून चाल. घसरशील." अपांनी त्यांचा दंड पकडला आणि दोघं माझ्यापुढे हळूहळू चालत राहिली, एकाच माणसासारखी. एवढ्या वर्षांनी! मी मागून एकटी. मेदेरची फार आठवण आली. त्याच्या डगल्याला कसला वास येतो तेसुद्धा मी विसरत चाललेय.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आज फुटलेच मी.

शाळेतून आले, बूटही काढले नव्हते. थोरले म्हणाले, "जाझगुल, हा माउसचा उंदीर नको मला. एकच बटण दे. दाबलं की सुरू, दाबलं की बंद. आणि दरवेळी कितवी फाइल आहे ते मशीनने तोंडाने सांगू दे."

"आणि उद्या? उद्या म्हणाल पेटी चालू करणंही नको, मनात आलं की वाजू दे!"

"तसं होत असेल तर बघ की."

"बाबा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी जाऊ नये असं वाटतंय ना तुम्हाला? मग तसं म्हणा! रोज नवं काहीतरी काढायचं, म्हणजे ही बसते इथेच तारा जोडत!"

अपांच्या हातातली किटली तशीच राहिली. सासऱ्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. थोरले माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या आवाजाच्या बाजूला, आणि अगदी हळू म्हणाले, "तू जावीस म्हणूनच मागतोय, पोरी."

कसलं काय! म्हातारी माणसं गोड बोलून गळ्यात दोरी घालतात. मी खोलीत येऊन रडले. मग कणीक मळली, कारण ती कोण मळणार?

१५ नोव्हेंबर, बुधवार

त्यांनी दिवसभर एकही फाइल उघडली नाही. घरात कोमुझ नाही तर चुलीचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं एकदाचं. संगणक सुरू झाला की स्क्रिप्ट आपली आपण सुरू होते, जुना प्लेअर उघडते, काल थांबलेल्या फाइलपासून पुढे जाते. फाइल उघडली की मशीन रशियनमध्ये आकडा बोलतं, अगदी तिकीटवाल्या बाईसारखं. कीबोर्डवरचं खालचं लांब बटण दाबलं की थांबतं, दाबलं की चालू. यापुढे मागण्यासारखं काही उरलेलंच नाही.

थोरल्यांनी तीन-चारदा दाबून पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले तो खांद्यावर पडला. "सुखी राहा," म्हणाले. मंगळवारचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही.

अपांनी त्या बटणावर लाल नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, एक तुकडा चिकटवून दिलाय. कशालाही नमदा लावायची हौस! मी म्हटलं, आता पेटीला टोपीही शिवा. "शिवते," म्हणाल्या. हसल्या नाहीत मात्र.

१९ नोव्हेंबर, रविवार

बांधाबांध. थोरल्यांच्या खोलीतच इस्त्री केली, ऊब तिथेच असते. भिंतीवर प्लगला जागा उरली नव्हती, म्हणून एक पांढरी वायर काढली आणि इस्त्री लावली. ते बाहेर उन्हात बसले होते. दोन स्वेटर, मेदेरसाठी लोकरीचे मोजे, अपांनी दिलेले सुक्या ताकाचे गोळे एक पिशवीभर. मॉस्कोत हे मिळत नाही असं त्यांना वाटतं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

एकही हाक नाही! शाळेतून येते तर आतून कोमुझ, आणि मधूनमधून थोरल्यांचं रेकॉर्डरवर बोलणं — "हा कोचकोर गावचा. याचा अंगठा तुटलेला होता, तरी ऐका." जेवताना विचारलं, बाबा, ठीक चाललंय ना? "फक्कड! आज रेघा किती हिरव्या दिसत होत्या." सुटले बाई मी.

सुटले, आणि थोडं वाईटही वाटलं. इतक्या लवकर गरज संपावी?

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या सकाळी टॅक्सी, खिंड ओलांडून बिश्केक, तिथून विमान.

अपांनी ताजा नान भाजला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी एक घास तोडला. उरलेला फडक्यात बांधून त्यांनी कपाटात ठेवून दिला. आता मी परत येऊन तो संपवीपर्यंत तो तिथेच राहायचा. मेदेरचाही आहे शेजारी, दगड झालेला.

"मुलगा किंवा मुलगी, काही चालेल," अपा म्हणाल्या. "पण रिकाम्या हातांनी येऊ नकोस." नेहमीचा टोमणा, पण आज तो मला टोचला नाही. थोरल्यांनी चहा मागितला. मी पेला पुढे ठेवला. अपांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. दोघं एकमेकांचं किती करतात! मला असंच म्हातारं व्हायचंय, मेदेरबरोबर.

२५ नोव्हेंबर, शनिवार

चार्जर राहिला होता म्हणून त्यांच्या खोलीत डोकावले. थोरले पेटीपुढे बसून ऐकत होते, हात नमद्यावर. पडदा काळा. पडद्याची पांढरी वायर जमिनीवर, मी रविवारी इस्त्रीसाठी काढली तिथेच.

आणि मंगळवारी म्हणे रेघा हिरव्या होत्या.

नमदा. मुंडकं. दंडाला धरून चालणं. हातात दिलेला पेला. मी उंबऱ्यातच बसले.

मग मेदेरला फोन केला. "तिकीट फिरव. तू ये." का, का, करत राहिला. "ये. इथे सांगते."

टॅक्सीवाल्याला परत पाठवलं. आत जाऊन म्हटलं, "बाबा, आज जाणं नाही. खिंडीत बर्फ पडलाय, रस्ता बंद."

ते खिडकीकडे वळले. "हो ना. केव्हाचं आभाळ काळंकुट्ट दिसतंय."

बाहेर लख्ख ऊन होतं. अपांनी उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, कपाट उघडलं, फडकं सोडलं, आणि माझा उष्टा नान चहाबरोबर माझ्यापुढे ठेवला.

खाल्ला.