खसखशीचं यंत्र

६ नोव्हेंबर, गुरुवार
लॅबमधून आले तर दाराच्या फटीत पत्र. तिकीट परदेशी. नाव मथुराबाई, खोली नं. १४, काळाचौकी. आजीला जाऊन तेहतीस वर्षं झाली. खोली तीच, म्हणून पोस्टमन टाकून गेला असणार.
मेलबर्नहून रूथ नावाच्या बाईंचं. आजी चौपाटीजवळ ज्या व्हिएन्नाच्या ज्यू बाईंकडे काम करायची, त्यांची नात. आजीने चाळीतल्या मास्तरांकडून लिहून घेऊन पाठवलेली दोन पत्रं हिच्याकडे आहेत. पत्ता त्यावरून.
विचारलंय, 'माझ्या आजीने तुमच्याकडे ठेवायला दिलेलं खसखस दळायचं यंत्र अजून आहे का?'
आहे. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं. हिरवा रंग मुठीपाशी तेवढा उरलाय. मसाला लालबागला कुटून आणतो, पण खसखस आई घरीच दळते, त्यातच.

७ नोव्हेंबर
आईला पत्र मराठीत सांगितलं. 'ठेवायला'पाशी तिने थांबवलं. परत वाचायला लावलं.
"ठेवूक नाय. दिल्यान ता माझ्या आवशीक. बाई बोटीत बसायच्या आदल्या दिवशी. मी होतंय थय."
तेव्हा ती सात वर्षांची.
मग मेथी निवडायला बसली. अर्धी जुडी झाल्यावर, "माझी आवस चोर नाय होती."
तसं कुणी म्हटलेलं नाही, म्हटलं.
"म्हणूक कित्याक व्हया?"
रूथला मेल टाकला. यंत्र आहे, चालू आहे. शब्दाबद्दल काही लिहिलं नाही.

१२ नोव्हेंबर
डबा खाताना रूथचा लांबलचक मेल वाचला. नाझींची माणसं घरात शिरली तेव्हा पियानो, चांदी, गालिचे, सगळं नेलं. हे लोखंडी, ओबडधोबड, म्हणून राहिलं. तिच्या आजीने ते दोन परकरांत गुंडाळून मुंबईपर्यंत आणलं. इथे युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी तिच्या आजोबांना जर्मन पासपोर्टवरून काही महिने कोंडून ठेवलं. ते सगळे दिवस माझी आजी त्यांच्याकडेच मुक्कामाला. आई म्हणते, हे खरं, आजी सांगायची.
अजून एक. रूथच्या आजीची बहीण व्हिएन्नातच अडकली. तिने भांडी, अंथरुणं, शिवणयंत्र शेजारणीकडे ठेवायला दिलं. ती छावणीतून परत आली नाही. मुलगी वाचली. लढाई संपल्यावर मागायला गेली तर शेजारीण म्हणाली, आम्हाला देऊन टाकलं होतं. शिवणयंत्र समोरच होतं. त्यावर अर्धवट शिवलेला फ्रॉक.
शेवटी लिहिलंय, 'तुमच्यावर आरोप नाही.' आईला शिवणयंत्राचा भाग सांगितला नाही.
डिसेंबरात मुंबईला येतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार
आई खाली नारळ आणायला गेली होती. यंत्र सोडवून साफ केलं. पात्यांत जुनी खसखस घट्ट बसलेली. टाचणीने काढली.
मी चौथीत असताना याची मूठ फिरवत बसायचे. एकदा आजी म्हणाली होती, "दामटून फिरवू नको. तिचा ता. परत इली तर तिचा तिका देवचा."
असंच म्हणाली का, याची खात्री नाही. आजी कुणाकुणाचं काय काय सांभाळायची. ट्रंका, छत्र्या, एकाची तर पेटी, वाजवायची. दुसऱ्याच कशाबद्दल म्हणाली असेल आणि मी इथे जोडलं असेल.
आईला बोलले नाही. रूथलाही लिहिलं नाही. यंत्र परत बसवलं.

१० डिसेंबर, बुधवार
रूथ आली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तीन जिने, मध्ये दोनदा थांबली. आईने इस्त्रीचं पातळ नेसलेलं. टेबलावरचं बाकी सगळं आवरून ठेवलं होतं.
रू. यंत्रासमोर हात मागे बांधून उभी.
"हात लाव म्हण तिका." आईने वरून मूठभर खसखस टाकली. रू.ने दळली. त्यांच्याकडे दूध-साखर घालून केकमध्ये भरायचे म्हणे. आई म्हणाली, आम्ही कोंबडीच्या वाटपात. रू. हसली. आई नाही.
चहा झाल्यावर रू.नेच काढलं. "एवढं सगळं गेल्यावर जी एक वस्तू वाचली, ती माझी आजी कुणाला देऊन कशी टाकेल? म्हणून मला वाटतं, ठेवायला दिली असेल."
मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणानच दिल्यान. नको असलेला कोणय देता."
हे रू.ला सांगितलं. मग तिने शिवणयंत्राची गोष्ट सांगितली. आता मध्ये मीच, गाळणार काय? सगळं मराठी करून सांगितलं, फ्रॉकसकट. आईने मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "त्या चेडवाचा पुढे काय झाला?"
"आमच्याकडेच राहिली शेवटपर्यंत," रू. म्हणाली. "कुणाच्या घरी जेवायला गेली की आधी त्यांच्या वस्तू बघायची."
रू.ने यंत्र मागितलं नाही. आईने दिलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला मात्र आली. रू. शुक्रवारी जाणार.

११ डिसेंबर, गुरुवार
लॅबमधून लवकर आले. आई टेबलाशी बसलेली. दिवा लावला नव्हता.
"तू आजीच्या मागसून असायचंस. तुका काय बोलली होती ती ह्याच्याबद्दल?"
सांगितलं, आठवतं तसं. चुकत असेन, हेही सांगितलं.
"कधी बोलली?"
"मी चौथीत होते."
"आणि आता सांगतंस."
मी उठले. कुकर लावला. ती तिथेच. जेवताना म्हणाली, "माका ता देताना दिसता अजून. बाई रडत होती. रडत ठेवूक देतत काय वापरूक देतत, ता सात वर्सांच्या पोराक काय कळतला."
हात धुऊन आल्यावर विचारलं, उद्या रू. कुठून निघणार. कुलाब्याच्या हॉटेलातून, अकराला, म्हटलं. इथून टॅक्सीने किती वेळ? सकाळची गर्दी धरून पाऊण तास.
"बरा," म्हणाली. कोण जाणार, काय घेऊन, ते नाही बोलली. मीही विचारलं नाही. लॅबला मेसेज टाकलाय, उद्या दुपारनंतर येते.