भाड्याचा नारळ

ती. विठ्ठलमामांस रवींद्रचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींनी तेल चोळणं थांबवल्यावर तो बरा झाला, असं आईकडून कळलं. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.) आम्ही इकडे मानपाड्याला खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. एरवी रोज दुपारी साडेबारा ते एक मी आणि वर्षाली जिन्यात बसलेलो असतो.

हा फ्लॅट घेताना कागद तुम्ही पाहिले होते. भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं काढलेला मामा घरात असताना वकील कशाला, असं म्हणत तुम्ही शिळफाट्याच्या हॉटेलात चहा पितापिता सातबाऱ्यापासून सगळं चाळलंत आणि मालकी स्वच्छ आहे, डोळे मिटून घे, असं सांगितलंत. मी मिटले. ते उघडले गणपतीनंतरच्या एका रविवारी. भर दुपारी, दार बंद असताना कुणीतरी आत आलं आणि काठी टेकत हॉलमधून चालत गेलं. दिसलं कुणीच नाही. फरशीवर ओल्या चिखलाची पावलं मात्र एकेक करून उमटत गेली, टीव्हीपाशी काटकोनात वळली आणि भिंतीत शिरली. (आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.) तेव्हापासून रोज तीच वेळ आणि तीच वाट. भांडी घासायला येणाऱ्या शांताबाई इथल्या मूळ गावातल्या. त्यांनी पावलं पाहिली, पुसली आणि भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "जागेवाला हाय त्यो. इथं शेताचा बांध व्हता, त्यावरनं चालतो. आमी दरसाल नारल द्यायचो."

वर्षाली पडली मालवणची, जागेचा राखणदार म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. तिने त्याच दुपारी बाल्कनीत नारळ ठेवला, हात जोडले आणि "मालका, सांभाळून घे" असं म्हणाली. आम्ही पाठ वळवतो न वळवतो तोच नारळाच्या दोन वाट्या झाल्या. आत खोबऱ्याचा कण नव्हता, ओरखडाही नव्हता. पुढे आठ दिवस शांततेत गेले. नवव्या दिवशी दारावरची आमच्या नावाची पाटी निघाली. चोरीला गेली नव्हती. स्वच्छ पुसून चपलांच्या कपाटावर ठेवली होती, शेजारी चारही स्क्रू ओळीने.

मग खालच्या मजल्यावरच्या राजरत्न वकिलांकडे गेलो. ते हसले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी समजावलं की ताबा वेगळा आणि मालकी वेगळी. इमारतीखालची जमीन बिल्डरने अजून सोसायटीच्या नावावर केलेली नाही, फ्लॅट बँकेकडे गहाण आहे, आणि एकदा भाडं दिलं की हा आपला मालकच नव्हे, असं भाडेकरूला म्हणता येत नाही. नारळ देताना तोंडाने काही बोललात का, असं त्यांनी विचारलं. वर्षालीने सांगितलं. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, वहिनी, नारळाचं भाडं देऊन वर ‘मालका’ म्हणालात, म्हणजे त्याची मालकी तुम्ही मान्य करून बसलात.

मामा, अजून सतरा वर्षांचे हप्ते आहेत आणि मी माझ्याच घरात भाडेकरू झालो. हे घर गेलं तर आमच्याच्याने दुसरं होणार नाही, या विचाराने मला खरोखर रडू आलं. काल जिन्यातून परत आलो तर आमच्या बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. घड्या वर्षालीपेक्षा नीट होत्या (हे तिला कळवू नये).

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
रवींद्र

ता. क. तुम्ही इकडे येण्याची तसदी घेऊ नका. घराच्या कागदांची फाइल (मूळ बँकेकडे आहेत, ही नक्कल) याच पाकिटात घातली आहे. ती हाताशी असू द्या.

ता. क. दुसरा. आज मी जिन्यात गेलो नाही. पावलांसमोर हात जोडून सांगितलं की महाराजा, आम्ही अडाणी, आमचे कागद विठ्ठलमामांनी पाहिलेत, मालकी स्वच्छ आहे असं तेच म्हणाले. पावलं टीव्हीपाशी थांबली. बराच वेळ हलेनात, म्हणून मी तुमचा चरईचा पत्ता सांगितला. त्याने पहिल्यांदाच दार उघडलं आणि जिना उतरून गेला. उद्या-परवा दुपारी कुणी आलं तर फाइल दाखवा, नारळ मात्र काही झालं तरी देऊ नका. तो काठी टेकत पायी निघाला आहे, त्यामुळे स्पीड पोस्ट आधी पोचेल असा माझा अंदाज आहे.